शंख वाजला तेव्हा चार आकडे गेले होते

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा फोन आहे, एवढे मला पक्के ठाऊक आहे. त्यापुढे माझा सगळा गोंधळच आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पाठीवर काहीतरी छापलेले होते, ते मालाकीच्या घामाने पुसले गेले. हा मालाकी माझा मालक. समोआ देशातल्या आपिया शहराच्या बाजारात त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले, "याला दिवा आहे ना?" एवढेच विचारले आणि बोटीने सावाई बेटावर आणले. तेव्हापासून आठ वर्षे मी त्याच्या कमरेला, लुंगीसारख्या लावालावाच्या घडीत खोचलेला असतो.

पहिली काही वर्षे माझा थाट होता. रानात गेलेली डुकरीण माझ्या दिव्याने सापडली. एकदा नारळाच्या दुधात पडलो, तीन दिवस तांदळाच्या डब्यात काढले आणि जिवंत निघालो. पाचाचे बटण तेवढे अजून अडते. रविवारी चर्चनंतरच्या जेवणाला ऑकलंडहून त्याची मुलगी तासी बोलायची, तेव्हा घरातली सगळी माणसे माझ्याभोवती गोळा होत. "काय स्पष्ट ऐकू येतं!" असे म्हणत. पुढे शेजारीपाजारी काचेचे फोन आले. तासी आता त्यांवर चेहऱ्यासकट दिसते. माझी किंमत दिव्यापुरती उरली. बँकेत नंबर मात्र माझाच लिहिलेला राहिला.

आता नावांचा घोळ सांगतो. आमच्याकडे एका माणसाला नावे तरी किती असावीत? आईने ठेवले मालाकी. गेल्या वर्षी घराण्याने त्याला मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, केले. चटया वाटल्या गेल्या, भाषणे झाली आणि पदवीबरोबर नवे नाव मिळाले, ताउफातू. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्याला ताउफातू म्हणू लागला. मी बिचकलो. मला वाटले, मालक बदलला! बँकेच्या पुस्तकात तो अजून मालाकीच होता. "बँकेला सांगायला हवं," असे म्हणता म्हणता वर्ष उलटले. ही गोष्ट त्याच्या मनाला टोचत असे.

त्या खात्यात पैसे होते ते त्याच्या बायकोचे, लूपेचे. दोन वर्षे मांडी घालून तिने केवड्याच्या पानांच्या बारीक चटया विणून विकल्या. बोटांना चिरा पडल्या. तासीला पहिले मूल होणार होते आणि लूपेला बाळंतपणाला ऑकलंडला जायचे होते. विमानाचे तिकीट म्हणजे त्या चटया. तिचे स्वतःचे खाते नव्हते, म्हणून रक्कम नवऱ्याच्या खात्यात ठेवली होती.

एके दिवशी ऊन उतरताना मी वाजलो. आवाज गोड होता, समोअन होता आणि आदराची भाषा बोलत होता.

"ताउफातू महाशय, बँकेतून बोलतोय. आपली ओळख पटवायची राहिली आहे. आपलं नाव आमच्या नोंदीशी जुळत नाही. आज पटवलं नाही, तर खातं बंद होईल."

मालाकी ताडकन उठून बसला. चोराच्या मनात चांदणे असते म्हणतात, इथे तर चोर पलीकडे होता आणि चांदणे आमच्या मालकाच्या मनात पडले.

"चूक माझीच आहे, साहेब. मी यायलाच हवं होतं."

"असू द्या. तुम्ही कशाला बसचा त्रास घेता? कार्डावरचा नंबर सांगा. मग तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा."

मालाकीने कार्डाचा नंबर सांगितला. लगेच माझ्या पोटात बँकेचा निरोप आला. मित्रांनो, माझा पडदा काडेपेटीएवढा आहे. त्यावर आधी फक्त आकडे दिसतात, पुढचे वाचायला खालचे बटण दाबावे लागते. पुढे लिहिले होते, "हे आकडे कोणालाही सांगू नका. बँक ते कधीही विचारत नाही." सांगू नका असे सांगणारी बँक, आणि सांगा म्हणणारीही बँक? मी पुरता गोंधळलो. दोघेही माझ्यातूनच बोलत होते. माझा जीव तुटत होता, पण मला माझा स्वतःचा आवाज नाही.

"सात," मालाकी म्हणाला. "दोन. शून्य. चार..."

आणि शंख वाजला.

संध्याकाळी गावात शंख फुंकला की 'सा' सुरू होते. रस्त्यावर कोणी फिरायचे नाही, घरोघरी प्रार्थना. जो मोडेल त्याला मताई दंड करतात आणि आता मालाकी स्वतःच मताई होता.

"सा सुरू झाली. नंतर बोलू, साहेब," तो म्हणाला.

"दोनच आकडे राहिलेत. सांगून टाका."

"अहो, शंख ऐकू आला नाही का?"

"कसला शंख? आकडे सांग आधी, म्हाताऱ्या! खातं बुडेल तुझं!"

मालाकी माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने लाल बटण दाबले आणि मला चटईखाली सरकवले. प्रार्थना चालू असताना मी चार वेळा वाजलो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

'आमेन' होताच लूपेने मला बाहेर ओढले. "बँकेतला साहेब, आणि शंखाला कसला शंख म्हणतो? कुठल्या आईनं वाढवलाय याला?"

"पण त्याला माझी पदवी माहीत होती!"

"तुमची पदवी रेडिओवर सांगितली होती, अहो! डुकरांनासुद्धा ठाऊक आहे." तिने चिरा पडलेल्या बोटाने माझे खालचे बटण दाबले आणि निरोप मोठ्याने वाचला. मालाकीने तोंड हातांत लपवले. "तुझं तिकीट," तो एवढेच म्हणाला.

लूपे त्याला रागावली नाही. तिने बँकेच्या पुस्तकामागे छापलेला नंबर शोधला आणि स्वतः तो लावला. पाचाचे बटण दोनदा अडले. पलीकडच्या माणसाने कार्ड लगेच बंद केले. पहाटेच्या बसने दोघे सालेलोलोगाला बँकेत गेले. तिथली मुलगी म्हणाली, "पैसे जागेवर आहेत. दोन आकडे कमी पडले त्याला. आणि नावाचं काय एवढं, पदवीचा कागद आणा, झालं."

गुरुवारी तीच मुलगी माझ्यातून बोलली. नवे कार्ड आले होते. मालाकी म्हणाला, "तू कोण ते मला कळत नाही, पोरी. राग मानू नकोस." त्याने फोन ठेवला आणि बस पकडली. बँकेत ती पोटभर हसली आणि म्हणाली, "बरं केलंत."

मित्रांनो, मी आठ वर्षे आवाज वाहिले, पण खरा कोणता आणि खोटा कोणता, हे मला आजही कळत नाही. म्हणून विनवतो, माझ्यावर विसंबू नका. ओळख मागणारा फोन आला, तर आधी मला बंद करा. पुस्तकावरचा नंबर स्वतः लावा. आलेला निरोप शेवटपर्यंत वाचा. आणि कोणी घाई करू लागला, तर तुमच्या गावचा शंख आठवा.

गेल्या रविवारी अनोळखी नंबरावरून मी वाजलो.

"मी लूपे बोलतेय."

"कशावरून?" मालाकी म्हणाला.

"कशावरून? तुमच्या पाठीवरचं गोंदण अर्धवट आहे, कारण तिसऱ्या दिवशी रडत पळून आलात! सांगू का सगळ्या ऑकलंडला?"

"पटली, पटली ओळख!"

मग माझ्यातून एक नवेच रडणे ऐकू आले. तासीच्या लेकीचे नाव अजून ठेवायचे होते. तिला मात्र ओळख कोणीच विचारली नाही.