मुखपृष्ठावरची मुंगी

खळकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं वाचनालयात आता कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून त्यांच्या हातांना पिठाच्या खळीचा आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात घातलेल्या मोरचुदाचा असा वास लागला होता, की तो साबणालाही दाद देत नसे. नोकरी कधीच संपली होती, तरी आठवड्यातून तीन दिवस ते मागच्या खोलीत येऊन बसायचे. घरी राहिलो तर बायको भाजी निवडायला लावते, असं ते सांगत. खरं म्हणजे कपाटातले आपण बांधलेले खंड एकदा नजरेखालून गेले नाहीत, तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

आणि खंड होतेच तसे. त्यातही एका सचित्र मासिकाचे अडतीस खंड म्हणजे काकांचा जीव की प्राण. तपकिरी कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, कडा सुतात. मासिक बंद पडून जमाना लोटला, पण खंडांचा एक टाका उसवला नव्हता. कुणी त्यातला एखादा मागून घेतला की काका काही ना काही निमित्त काढून बाहेर यायचे आणि त्या माणसानं बांधणीबद्दल दोन शब्द बोलेपर्यंत तिथंच घुटमळायचे.

अंक बांधायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी मुखपृष्ठ फाडायचं. मग पुढची-मागची जाहिरातींची पानं, म्हणजे साबणाची बाई, सायकलवरचा साहेब, केसांच्या तेलाची बाटली, ताकदीचं औषध पिऊन दंड दाखवणारा पहिलवान. मग पिना उपटायच्या आणि उरलेला गाभा शिवायचा. "टरफलं काढायची, दाणे ठेवायचे," असं ते म्हणायचे. हे काही त्यांचं एकट्याचं पाप नव्हतं. वाचनालयाचा नियमच तसा होता आणि त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच चालायचं. 'टरफलं' हा शब्द मात्र खास त्यांचा.

त्या मंगळवारी सकाळी ग्रंथपालबाईंनी त्यांना बाहेर बोलावलं. टेबलावर मासिकाचे सात-आठ खंड काढून ठेवले होते आणि पन्नाशी ओलांडलेली एक पाहुणी ते एकामागून एक उघडून बघत होती. काकांनी पुसलेलेच हात पुन्हा पुसले आणि चेहऱ्यावर विनय आणला. कौतुक ऐकायची त्यांची ती नेहमीची तयारी होती.

"हेच आमचे काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सगळे खंड यांच्या हातचे."

"काका," पाहुणी म्हणाली, "यातली मुखपृष्ठं कुठं गेली हो?"

काकांच्या चेहऱ्यावरचा विनय तसाच राहिला, त्याचं काय करावं ते त्यांना सुचेना.

पाहुणी सांगू लागली. तिच्या आईनं या मासिकाची मुखपृष्ठं रंगवली होती, तब्बल अकरा वर्षं. चित्रकाराचं नाव छापायची मासिकवाल्यांची पद्धत नव्हती, म्हणून आई प्रत्येक चित्रात खाली कोपऱ्यात एक मुंगी काढायची. तीच तिची सही. घरातले अंक दोन-तीनदा घर बदलताना गेले. मासिकवाल्यांचं गोदाम तर केव्हाच रिकामं झालं होतं.

"आता ती अंथरुणाला खिळलीय. डोकं शाबूत आहे, नजर चांगली आहे. पण हल्ली एकच धरून बसलीय, मी आयुष्यात काही केलंच नाही, नुसत्या भाकऱ्या थापल्या. मी म्हणते, अगं, तुझी चित्रं घरोघर जायची. तर म्हणते, दाखव एक." पाहुणी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "एक जरी तिच्या हातात ठेवता आलं ना... त्यात एक झोपाळ्यावरच्या मुलीचं आहे, पुढचे दोन दात पडलेली. ती मी."

खरं सांगायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ग्रंथपालबाई बघत होत्या, समोर अडतीस खंडांची अब्रू होती, आणि काकांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"वाचक फाडून नेतात हो. चित्र आवडलं की गेलं. आम्ही तरी किती लक्ष ठेवणार?"

"असली कसली माणसं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. पाहुणीनं मान हलवली, आपला फोन नंबर आणि झोपाळ्याच्या चित्राचं वर्ष लिहून ठेवलं आणि खंड नीट एकावर एक रचून ती निघून गेली. काका मागच्या खोलीत येऊन बसले. मुंगी त्यांना आठवत होती. एकदा खरी समजून अंगठ्यानं पुसायला गेले होते, पुसली जाईना तेव्हा स्वतःशीच हसले होते आणि मग ते पान टर्रकन फाडलं होतं.

घरी जेवायला बसले, पण नुसता भात चिवडत राहिले. बायकोनं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. काकांनी पाहुणीची गोष्ट सांगितली, स्वतःची थाप तेवढी गाळून.

"मासिकात चित्रं काढणारी बाई?" बायको म्हणाली. "अहो, मग ती तीच नाही का? तुमची बांधणी कुरवाळणारी?"

काकांचा हात ताटात थबकला.

ही गोष्ट काकांनीच घरात इतक्या वेळा सांगितली होती, की नातवंडांनाही पाठ होती. फार वर्षांपूर्वी एक बाई वाचनालयात आल्या होत्या, नखांत निळा-पिवळा रंग. मी या मासिकात चित्रं काढते, जुने अंक बघायचेत म्हणाल्या. काकांनी मोठ्या ऐटीत खंड पुढ्यात ठेवला. बाईंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग बाहेरच्या कापडावरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाल्या, "बांधलंय मात्र छान." एवढी मोठी कलावंत बाई, तिनं आपल्या बांधणीवर हात फिरवला, असं सांगून काका दरवेळी कॉलर ताठ करायचे.

मधलं एक वाक्य ते कधी सांगत नसत, कारण ते त्यांना महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, मुखपृष्ठं कुठं आहेत? आणि काका मोठ्यानं हसून म्हणाले होते, "अहो बाई, टरफलं कोण खातं?"

ते 'मात्र' आज त्यांच्या कानात शिरलं. त्यांना लाज वाटली, आणि ती साधीसुधी नव्हती. आयुष्यभर ज्या गोष्टीवर आपण पाठ थोपटून घेतली, ती आपल्याच कोडगेपणाची गोष्ट होती आणि ती आपणच गावभर सांगत फिरलो होतो. पुढ्यातलं ताट त्यांनी बाजूला सरकवलं आणि बायकोला सगळं सांगून टाकलं, थापेसकट.

आवराआवर झाल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "मग त्या टरफलांचं तुम्ही केलंत काय?"

"पुठ्ठे."

"म्हणजे?"

"बाजारात पुठ्ठा धड मिळायचा नाही तेव्हा. मुखपृष्ठाचा कागद जाड. सहा-सहा एकमेकांवर खळीनं चिकटवायचे, वजनाखाली ठेवायचे, वाळले की कडा कापायच्या. झाला पुठ्ठा. एका वर्षाची टरफलं पुढच्या वर्षाच्या खंडांना बरोबर पुरायची." बोलता बोलता काकांचा आवाज बारीक झाला. "तिथंच आहेत ती. माझ्या खंडांच्या आत."

"मग फोडा की."

ती भाजी चिरायला सांगावं तितक्या सहज म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका वाचनालयाच्या दारातच अडखळले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नवी सूचना लागली होती. 'काही वाचकांनी जुन्या अंकांची मुखपृष्ठे फाडून नेल्याचे उघडकीस आले आहे. ही अत्यंत लाजिरवाणी बाब आहे. यापुढे जुने अंक मागणाऱ्यांच्या पिशव्या तपासल्या जातील.' रोज पेपर वाचायला येणारे दोन म्हातारे सूचनेखाली उभे होते. त्यातला एक काकांना म्हणाला, "तुम्ही एवढे राबता आणि हे लोक बघा. काही लाज आहे का यांना?" काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मान खाली घातली आणि थेट ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"ती सूचना काढा. मुखपृष्ठं मी फाडलीत. सगळी. काल मी तुमच्याशी खोटं बोललो."

ग्रंथपालबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त उठल्या, सूचना काढून घडी केली आणि म्हणाल्या, "काका, मी काल दोन कॉलेजच्या मुलींच्या पिशव्या उलट्या केल्या हो." काकांनी त्यांना पुठ्ठ्यांचं सांगितलं आणि मान वर न करताच खंड फोडायची परवानगी मागितली. पाहुणीनं वर्ष लिहून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षाचे दोन खंड ग्रंथपालबाईंनी स्वतः काढून दिले.

आपल्याच बांधणीवर सुरी चालवणं सोपं नव्हतं. पहिला काप द्यायला काकांना चांगली पंधरा मिनिटं लागली. कापड सोललं, पुठ्ठे सुटे केले आणि पसरट परातीत कोमट पाणी घेऊन चारही त्यात बुडवले. खळ पिठाची, ती कधी ना कधी सुटणार. पण घाई केली तर कागदाचा लगदा. काका समोर स्टूल टाकून बसून राहिले.

पहिला पुठ्ठा दगड झाला होता. गुळगुळीत कागद एकमेकांना असे चिकटले होते, की ओढताच चित्रांची सालं निघाली. दुसऱ्यात साबणाची बाई सुटली, हसरी, जशीच्या तशी. तिच्या पाठोपाठ पहिलवान आला. मग एक कोळीण, एक पतंग, आरशासमोर बसलेली नवरी. रंग अजून धडधडीत होते. काकांनी प्रत्येक चित्र टीपकागदावर पालथं-उताणं करून वाळत घातलं आणि वाकून खालचा कोपरा बघितला. मुंगी कुठंच नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात आलं. पुठ्ठ्याच्या कडा सरळ करायला ते चारही बाजूंनी बोटभर कागद कापायचे. बाईंची सही त्या पट्टीत होती आणि पट्ट्या केव्हाच केरात गेल्या होत्या.

झोपाळ्यावरची मुलगी तिसऱ्या पुठ्ठ्यात होती. वरच्या कडेला थोडी फाटली होती. बाकी सगळी शाबूत, हसणारी, पुढचे दोन दात नसलेली.

शुक्रवारी काका पाहुणीच्या घरी गेले. फोनवर त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तुम्हीच आणून द्या. आईला सांगायचं ते तुम्हीच सांगा."

खोली लहान होती. खिडकीपाशी पलंग, त्यावर उशांना टेकलेल्या बाई. हात मांडीवर आणि हात सतत थरथरणारे. काकांनी चित्र त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं.

"झोपाळ्याचा दोर चुकलाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही कळलं होतं. वेळ नव्हता."

लेकीनं पदर डोळ्यांना लावला. काकांना वाटलं, आत्ताच निघून जावं, काम झालं. पण ते उभेच राहिले.

"बाई, मला तुम्ही ओळखलं नसेल. वाचनालयात खंड बांधणारा मी. तुम्ही आला होतात, तेव्हा मी तुमच्या चित्रांना टरफलं म्हणालो होतो."

"आठवतंय की," बाई म्हणाल्या. "घरी येऊन आमच्या यांना सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. नंतर चित्र करायला बसले की तो शब्द यायचा. पुढं दोन वर्षं काढली चित्रं. मग नाही काढली."

लेक काकांकडे बघत राहिली. आईनं काम का सोडलं ते तिलाही बहुतेक आजच कळत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते काकांना त्या क्षणी समजलं.

बाईंनी कागद बोटांत धरून बघितला. "खळ मात्र छान होती हो तुमची. रंग उतरला नाही."

तेच कौतुक, तोच 'मात्र'. काकांना ते चपराकीसारखं लागलं.

"मुंगी कापली गेलीय," ते कसंबसं म्हणाले. "माझ्याच हातून."

बाईंनी लेकीला खुणेनं पेन आणायला सांगितलं. लेकीनं ते आईच्या हातात दिलं, तर त्यांनी काकांपुढे केलं. "माझा हात आता स्थिर राहत नाही. तुम्ही काढा."

"मला चित्र कुठं काढता येतं, बाई?"

"मुंगी तर आहे. तुम्ही कापलीत, तुम्ही काढा."

काका पलंगाच्या कडेला बसले. चित्राखाली पाटी धरून त्यांनी कोपऱ्यात तीन ठिपके जोडले आणि त्यांना दोन इकडे, दोन तिकडे असे पाय काढले. एवढ्यानंच त्यांना घाम फुटला. बाईंनी मान वाकडी करून बघितलं.

"चार पाय? मुंगीला सहा असतात. अकरा वर्षं दर महिन्याला तुमच्या हाताखालून जात होती ती. एकदाही बघितली नाहीत?"

"नाही," काका म्हणाले. "पुसायला गेलो होतो एकदा."

बाई पेनाकडे बघत राहिल्या. काकांनी मान खाली घालून उरलेले दोन पाय काढले.