चौदावं रीळ

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मी एकदा एका मेलेल्या माणसाला कात्रीनं जिवंत केलंय. भर दुपारी, सहाशे लोकांसमोर, दुसऱ्या हातानं रस्सा ढवळत. डॉक्टर लोक इतकी वर्षं शिकतात आणि तरी त्यांना ते जमत नाही. मी सातवी नापास.

"मागच्या वर्षी चारशे लोक होते, काका," भाची म्हणाली.

ही भाची माझी नव्हे, मास्तरची. त्याच्या आक्काची मुलगी. दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्यानं तोंड उघडलं की आत काय सडलंय तेच तिला आधी दिसतं. रविवारी आमच्याकडे जेवायला येते. मास्तर म्हणजे शिंपी. गेली त्रेचाळीस वर्षं तो माझ्या घरात राहतो. त्याला विचाराल तर मी त्याच्या घरात राहतो. लोक आधी आम्हाला रूममेट म्हणायचे, मग जिवलग मित्र, आणि आता नुसतेच म्हातारे म्हणतात. म्हातारं होण्याचा हा एक फायदा. दोन म्हातारे एका खोलीत दिसले की लोकांच्या मनात फक्त बामाचा वास येतो.

तर त्या काळी मी थिएटरात ऑपरेटर होतो. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, पार वर, भिंतीत दोन चौकोनी भोकं असायची. त्यांच्या मागची कोंदट खोली माझी. आत दोन मशिनं. पिक्चर अख्खा एका तुकड्यात येत नसे, पत्र्याच्या डब्यांतून चौदा-पंधरा रिळांत यायचा. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशिन सुरू करायचं. ठिपका चुकला की पडदा पांढराफटक, आणि मग पब्लिक मोठ्यानं तुमच्या आईची चौकशी करायचं.

एक रीळ दहा मिनिटांचं. मला घड्याळ कधी लागलंच नाही. मशिनचा दिवा एका पत्र्याच्या पेटीत असायचा आणि ती पेटी अशी तापायची, की वर पातेलं ठेवलं तर गॅस काय करील! पहिल्या रिळाला कांदा, तिसऱ्याला बटाटे, सातव्याला उकडलेली अंडी सोलून आत. रीळ या मशिनवरून त्या मशिनवर गेलं की पातेलंही त्याच्या मागोमाग जायचं. दहाव्या रिळाला मीठ. एकदाच. तो मास्तरचा नियम होता. "मीठ म्हणजे कापड बेतण्यासारखं," तो म्हणायचा, "एकदा कात्री लागली की लागली."

रश्शाचा वास भोकांतून खाली जायचा. वर हिरोईन आईच्या फोटोसमोर हुंदके देतेय आणि खाली शेवटच्या चार रांगा लाळ गिळतायत, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. मालकानं एकदा विचारलं, "हा वास कुठून येतो रे?" मी म्हणालो, "साहेब, पिक्चरच तसा जिवंत आहे." त्यानं दुसऱ्या दिवसापासून तिकीट वाढवलं.

"हे नवीन आहे," भाची म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. हे खरं आहे."

मास्तरचं दुकान थिएटरच्या समोर. शनिवारी दुपारी तो दुकान ओढून घ्यायचा आणि तीनच्या खेळाला थेट माझ्या खोलीत यायचा. एका भोकापाशी मी, दुसऱ्यापाशी स्टुलावर तो, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, तोंडात सुई. पिक्चर बघता बघता बटणं लावायचा. पायाशी त्याची पिशवी, आणि पिशवीत त्याच्या उस्तादानं दिलेली मोठी कात्री. त्या कात्रीला तो बायकोसारखा जपायचा. तशी ती एकच बायको त्याच्या नशिबात होती म्हणा. एकदा मी त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आठ दिवस! एका खोलीत, एका गादीवर.

हो, एकाच. घरमालकीण फार कडक होती. खोलीत मुलगी आणलेली खपणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं. आम्ही दोघांनी तिच्यासमोर शपथ घेतली आणि ती इतकी कसोशीनं पाळली की बाई अख्ख्या गल्लीला आमचं उदाहरण द्यायची.

आता पिक्चर. तुम्ही तो पाहिला नसेल, पण तसले पन्नास पाहिले असतील. दोन मित्र. एक गोरा, एक देखणा. दोघं एका मोटारसायकलवर बसून गाणं म्हणतात, एकमेकांचे अश्रू पुसतात, एका ताटात जेवतात, तुझ्यावाचून मी जगणार नाही म्हणतात. मध्येच एक हिरोईन येते, पण तिचं मनावर घेऊ नका, तिलाही कुणी विचारलेलं नसतं. त्या काळी पडद्यावर दोन पुरुषांना काय वाटेल ते करायची मुभा होती बघा. फक्त एकच अट: शेवटच्या रिळाआधी दोघांतल्या एकानं मरायचं. तसा चौदाव्या रिळात देखणा मित्र गोळी खायचा, गोऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवायचा, हिरोईनचा हात त्याच्या हातात द्यायचा आणि अडीच मिनिटं सावकाश मरायचा. आणि दर शनिवारी, सलग नऊ शनिवार, दुसऱ्या भोकापाशी मास्तर तोंडात सुई धरून रडायचा. मी म्हणायचो, "गिळशील!" तर म्हणायचा, "मरू दे."

दहाव्या आठवड्यात आक्का आल्या.

आक्का म्हणजे हिची आई, मास्तरची थोरली बहीण. दोन ट्रंका, एक छत्री आणि एक स्थळ घेऊन आल्या. मुलगी शाळेत शिकवत होती, स्वभावानं गरीब, घर चांगलं. सोमवारी भेटायचं, आणि होकार दिला की मास्तरनं शिलाईचं मशीन उचलून आक्कांच्या गावी दुकान थाटायचं, असं सगळं ठरलेलं. गुरुवारी जेवताना मास्तरनं मला हे सांगितलं. माझ्याकडे न बघता, भाताकडे बघत.

"सोमवारी जाऊ?" तो म्हणाला.

"जा की."

"जाऊ?"

"मला काय विचारतोस? मी तुझा कोण लागतो?"

"तेच विचारतोय," तो म्हणाला.

आता इथं शहाण्या माणसानं उत्तर दिलं असतं. मी उठलो आणि भांडी घासायला लागलो. धुतलेली भांडी. शुक्रवारी आम्ही एकमेकांशी फक्त कांद्याच्या भावाबद्दल बोललो. तो सोमवारी गेला तर परत येणार नाही, हे मला कळत होतं. त्याला नुसतं "नको जाऊ" म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते माझ्या तोंडातून निघेनात. अख्खं आयुष्य दुसऱ्यांचे डायलॉग भोकातून ऐकत काढलेलं, माझा स्वतःचा एकही पाठ नव्हता.

"काका," भाची म्हणाली, "हा भाग मागच्या वर्षी नव्हता."

"मागच्या वर्षी तुझ्याबरोबर तुझा नवरा होता. त्याच्यासमोर आम्ही सभ्य असतो."

आत स्वयंपाकघरात मास्तर कांदा चिरत होता. सुरीचा आवाज एका लयीत येत होता, शिवणयंत्रासारखा.

शनिवार उजाडला. आक्कांना पिक्चर बघायचा होता, म्हणून मास्तर माझ्या खोलीत न येता त्यांच्याबरोबर खाली बसला. पहिल्यांदाच दुसरं भोक रिकामं. मी पहिलं रीळ लावलं, पातेलं ठेवलं, कांदा टाकला, आणि तिथंच मला सुचलं. तोंडानं सांगता येत नाही ना? मग पडद्यावर सांगू! मी चौदाव्या रिळाचा डबा उघडला, मरणाचा तुकडा शोधला आणि कच्चकन कापला. गोळी सुटते तिथपासून हिरोईनचा हात देण्यापर्यंत, सगळा. त्या जागी सहाव्या रिळातलं मोटारसायकलचं गाणं चिकटवलं.

"पिक्चर चालू असताना?" भाचीनं विचारलं.

"एका हातानं मशिन, एका हातानं कात्री."

"आणि रस्सा?"

"पायानं."

"कसली कात्री होती?"

"कसली म्हणजे? मास्तरची. उस्तादाची. दुसरी कुठली कात्री इतकी साफ चालणार? म्हटलं, आयुष्य त्याचं कापायचं तर त्याच्याच कात्रीनं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं. आतला सुरीचा आवाज थांबला होता, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

तर मग, चौदावं रीळ. गोळी सुटली. पब्लिकनं रुमाल काढले. आणि देखणा मित्र, ज्यानं आता छाती धरून कोसळायला हवं, तो थेट मोटारसायकलवर! गोऱ्याच्या मागे, कमरेला हात घालून, केस उडतायत, गाणं चालू, आणि दोघं रस्त्यानं दूर दूर निघाले. हिरोईन कुठंच नाही. मग पहिल्या रांगेतून एक हमाल ओरडला, "वाचला रे!" आणि थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी! टोप्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या. एक म्हातारी पडद्यापाशी जाऊन त्या दोघांची दृष्ट काढून आली. पिक्चर त्याच थिएटरात तीस आठवडे चालला. कंपनीची तार आली की बाकीच्या गावांनाही हाच शेवट पाठवा. पुढं तो देखणा नट स्वतः गाडी करून माझ्या खोलीत आला. पातेल्यातला रस्सा ओरपला आणि माझा हात धरून म्हणाला, "ऑपरेटर, सोळा पिक्चरमध्ये मेलो. पहिल्यांदाच जेवून घरी जातोय."

"काका, मागच्या वर्षी तो अकरा पिक्चरमध्ये मेला होता."

"मध्यंतरी पाच केले असतील."

"आणि आई? आईनं काय केलं?"

आक्का! आक्का जिना चढून वर आल्या. धापा टाकत. मागे मास्तर. आक्कांनी रस्सा बोटावर घेऊन चाखला, पदरानं डोळे पुसले, आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरांनो, या पडद्यानं आज माझे डोळे उघडले. प्रेमाला कुठलं..."

"माझी आई?" भाची म्हणाली. "माझी आई असं बोलली? तिनं माझ्या लग्नात फक्त 'पंखे बंद करा' एवढंच म्हटलं होतं."

"त्या दिवशी बोलल्या. मी कानांनी ऐकलं. प्रेमाला कुठलं..."

"खोटारडा!"

मास्तर दारात उभा होता. एका हातात सुरी, डोळे कांद्यानं लाल.

"माझी कात्री? माझी कात्री यानं पिक्चरला लावली? अगं, ती पिशवी खाली माझ्या पायाशी होती. दिली असती का मी? काही कापलं नाही यानं. तेरावं रीळ संपलं आणि पडदा पांढरा पडला. लोक बोंबलायला लागले, शिट्ट्या, शिव्या. तुझी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, 'वर जाऊन बघ, मेला की काय तो तुझा.' तुझा म्हणाली ती. एवढंच भाषण. मी वर गेलो तर मशिन रिकामं फिरतंय आणि हा स्टुलावर, माझ्या स्टुलावर, चौदावं रीळ मांडीवर घेऊन ढसाढसा रडतोय. म्हणे, 'लावणार नाही. लावलं तर तो मरतो.' शेवटी मी लावलं. मला काय येतंय? उलटं लागलं. तो मित्र डोकं खाली, पाय वर करून मेला आणि लोक हसून हसून मेले. मालकानं याचा आठवड्याचा पगार कापला. कोण नट, कसली तार! आणि रश्शाबद्दल सांगतो का बघ. ठिपका दिसला की मीठ, ठिपका दिसला की मीठ. तेरा वेळा! तोंडात धरवत नव्हता. माझ्यामागून आक्का वर आली, एक घास घेतला आणि चूळ भरायला गेली. मी खाल्ला, ऑपरेटर. ताटभर खाल्ला, पातेलं पुसून खाल्लं, आणि सोमवारी गेलो नाही. ते सांग की तिला, लबाडा! ते का नाही सांगत?"