सातव्या मजल्यावरची चार बटणं

त्या अकरा मजली इमारतीतले दिवे, पाणी, लिफ्ट, साफसफाई, सगळं जिच्या जिवावर चालायचं, तिला सगळे चावीबाई म्हणत. सगळं सुरळीत असलं की तिची कुणाला आठवण नसे. नळ जरा गळला की तिचा नंबर सगळ्यांना पाठ.

सातव्या मजल्यावरच्या विमा कंपनीत एसीवरून रोज हमरीतुमरी व्हायची. खिडकीकडचे घामाने निथळत, भिंतीकडचे शाली गुंडाळून बसत. शेवटी दोन वर्षांपूर्वी चावीबाईने चार भिंतींवर चार फिरती बटणं बसवली आणि एकाचीही वायर कशालाच जोडली नाही. ज्याला हवं त्याने फिरवावं आणि समाधानाने बसावं. त्या दिवसापासून तक्रारवही कोरी.

आज तीन वाजता कंपनीच्या मोठ्या मॅडम मजल्याचा भाडेकरार वाढवायचा की नाही ते सांगणार होत्या. मजला रिकामा झाला तर पहिली घरी तू बसशील, असं मालकाने चावीबाईला तोंडावर ऐकवलं होतं.

दोनच्या सुमाराला तिचा धाकटा दीर हसत हसत खाली आला. तो आठच दिवसांपूर्वी इमारतीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता.

"वहिनी, सातव्यावर चारही बटणांच्या वायरी सुट्या होत्या. जोडून टाकल्या."

लिफ्टची वाट न बघता चावीबाई जिने चढत सुटली, मागून बिचारा दीर.

वर नुसता गोंधळ उडाला होता. दोन वर्षांच्या सवयीने जो तो बटण पिळत होता आणि एसी बापडा सगळ्यांचंच ऐकत होता. एका कोपऱ्यात दातावर दात आपटत होते, दुसऱ्यात फायलींनी वारा घेणं चाललं होतं. मधोमध अंगात कोट घालून मोठ्या मॅडम उभ्या.

"ही बटणं दोन वर्षं छान चालत होती. आजच कशी बिघडली?"

चावीबाईला खोटं सुचेना, आणि भलत्या वेळी हसू मात्र फुटायला लागलं. "बिघडली नाहीत मॅडम. आज पहिल्यांदाच चालतायत."

मग तिने मॅडमच्या कानाशी सगळं सांगून टाकलं. दीर मुकाट्याने एकेक बटण उघडून वायर काढत सुटला. मॅडम अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. रोज सकाळी आपण बटण दोन घरं फिरवतो आणि लगेच बरं वाटतं, असं त्यांनीच कबूल केलं. करारावर तिथेच उभ्या उभ्या सही केली. फक्त एक अट घातली, की बाकीची तीन खुशाल मेलेली राहू देत, आपल्या केबिनजवळचं मात्र खरं हवं.

चावीबाईने दिराकडे पाहिलं. त्याने चौथी वायर नुकतीच खिशात टाकली होती.

तेवढ्यात मॅडमनी हात लांबवून आपलं बटण दोन घरं फिरवलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बघा, खऱ्याची गोष्टच वेगळी."