आत्ती मऊ झाली

मी शालन. गंगावेशीत माझी मटणाची खानावळ हाय. बाई हाय, पण 'आलो-गेलो'च म्हणणार. आमच्या कोल्हापुरात बायका तशाच बोलत्यात, कुणाला खटकलं तर त्यानं कान झाकून घ्यावं. माझं तोंड फाटकं हाय हे सगळ्या पेठेला ठावं हाय. गिऱ्हाइकानं ताटात टाकलं की चारचौघांत पाणउतारा करतो. तरीबी लोकं येत्यात, कारण रस्साच तसा हाय.

माझं माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठी. आबा गेल्यावर रानाच्या सातबाऱ्यावर धाकट्या भावाच्या, बाळासोच्या नावाखाली माझं नाव लागलं. आमच्याकडं रीत अशी, की भणीनं हसत हसत हक्कसोड करून द्यायची, म्हंजे आपला हिस्सा भावाला सोडायचा, आणि साडीचोळी घेऊन आपल्या घरला जायचं. मी न्हाय केली. बाळासोला तोंडावर सांगितलं, "ऊस तूच लाव, तूच तोड, मला कांडंबी नगं. पण नाव ऱ्हाऊ दे. मालक गेला, पोटी पोर न्हाय. नाव हाय तवर मी ह्या घरची हाय. काढलं की पावणी."

मग काय! दर नागपंचमीला मी माहेरी जायचो आणि दारातच जुंपायची. बाळासो वरडायचा, "आक्के, सही करायला आलीस की पुरणाची दिंडं खायला?" मी म्हणायचो, "दिंडं खाऊन तुझ्या छाताडावर बसायला आलोय." तवर आतनं त्याची बायको रूपाली हाळी घालायची, "वन्सं, भांडण मागनं करा, आदी पुरण वाटा की!" आणि मी पदर खोचून आत शिरायचो. घर म्हणतात ते ह्यालाच.

अशात बाळासोची लेक अनुजा इंग्लिशमधनं एम. ए. करायला कोल्हापुरात आली. हॉस्टेलला जागा मिळाली न्हाय म्हणाली. बॅग घेऊन माझ्या दारात उभी. माझ्या घरात त्या दिवसापासनं कुणीतरी 'आत्ती, आत्ती' करत फिरायला लागलं. पोरगी गुणाची. सकाळी लसूण सोलायला बसायची, मला इंग्लिश शिकवायची. एक शब्द तिचा लय लाडका, सॉफन, म्हंजे मऊ हुणं. लोणी भायेर ठेवलं की सॉफन हुतंय. राग गेला की माणसाचा आवाज सॉफन हुतोय. वाईट बातमी सांगायची असली की धक्का सॉफन करून सांगायचा. मला तर खेळच मिळाला. गिऱ्हाइकास्नी म्हणायचो, "बसा पावणं, आज मटण एकदम सॉफन झालंय!" लोकं हसायची, अनुजा तर पोट धरून.

एकदा तिनं इचारलं, "आत्ती, जून मटण मऊ कसं करतेस गं?"

मी म्हणलो, "आलं-लसूण लावून ठेवायचं. जाळ बारीक ठेवायचा. सारखं झाकण उघडून बघायचं न्हाय. घाई केली की चिवट हुतंय."

तिनं मान हलवली. मला वाटलं, सैपाक शिकतीय.

तिनं घाई न्हाय केली. माझं डोकं दुखलं की तेल लावायची. ताप आला तवा उशाला बसून ऱ्हायली. बाळासो तिला भेटायला यायला लागला, येताना कृष्णाकाठची वांगी आणायचा, माझ्याच चुलीपुढं बसून जेवायचा. सहीचं नाव न्हाय. मीच म्हणलो, दगडाला पाझर फुटला म्हणायचा! मग एक दिवस माझ्या मांडीवर डोकं ठेवून अनुजा म्हणाली, "आत्ती, पप्पा तुझ्यासाठी झुरतोय. त्या एका सहीपायी भाऊ-भणीचं वाकडं. नाव काय गं, कागदावरचं. तुझं नाव माझ्या काळजात हाय. मी हाय की तुला."

'मी हाय की तुला.' एवढं मला जन्मात कुणी म्हणलं न्हवतं.

शिरोळच्या रजिस्टर कचेरीत जाऊन हक्कसोड दिली. तिथल्या सायबानं इचारलं, "मावशी, कुणाचा दबाव हाय का?" मी हसलो. म्हणलो, "माझ्यावर दबाव? असा मायचा लाल अजून जन्माला यायचाय."

औंदा पंचमीला गेलो. दारात जुंपायची म्हणून वाटंतच दोन शिव्या तयार ठेवलेल्या. तर बाळासो पायऱ्या उतरून खाली आला. "या आक्का, या. दमला असशीला. बसा." मी मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलंय का. सोप्यात खुर्चीवर नवी चादर घातलेली. पाण्याचा तांब्या ताटलीत ठेवून आणला. मी आत निघालो तर रूपाली उंबऱ्यावर उभी. "वन्सं, तुमी कशाला? बसा की निवांत. झालंय सगळं." आवाज कसा लोण्यावाणी. मी म्हणलो, "पुरण वाटतो की." तर म्हणाली, "आवो, पावण्यास्नी कोण काम लावतं व्हय?"

मी खुर्चीवर बसलो. माझ्याच बापाच्या सोप्यात हात मांडीवर ठेवून बसलो. आतनं पुरणाचा वास येत हुता आणि मला काय करावं समजंना.

शेजारची बायडाबाई काठी टेकत आली. म्हातारीला हळू बोलणं ठावं न्हाय. माझ्यापुढं बसून वरडली, "बरं केलंस गं शालन, सुटलीस! पोरीच्याबी कष्टाचं चीज झालं. हॉस्टेल मिळालेलं सोडून तुझ्याकडं ठेवलीती बाळासोनं. म्हणायचा, आक्की माझ्यानं मऊ हुईत न्हाय, पोरगीच करंल!"

आत रूपालीच्या हातनं भांडं पडलं. बाळासो अंगणात बघायला लागला.

मी उठलो, मागच्या परड्यात गेलो. लिंबाला झोका बांधलेला, सणाला आलेली अनुजा झोक्यावर. मी दोर धरला.

"हॉस्टेल मिळालंतं?"

तिनं झोक्यावरनं पाय खाली टेकवला.

"बोल की. इतकं इंग्लिश येतंय तुला."

"मिळालंतं," ती म्हणाली. "पण आत्ती, पैल्यांदा पप्पानं सांगितलं म्हणून आले. मागनं मला खरंच..."

"मागनं कवा? डोक्याला तेल लावलंस तवा? का ताप आला तवा? कंचं खरं आणि कंचं खोटं, तेवढं निवडून दे मला. तांदूळ निवडतीस तसं."

 ती रडायला लागली. ते रडणं खरं वाटत हुतं, आणि आता मला तिचं कायबी खरं वाटून घ्यायची भीती वाटत हुती. बाळासोचं काय न्हाय. त्यो तोंडावर भांडत आलेला, त्याचा राग मला झेपतो. पण हिनं माझ्या घरात, माझ्याच चुलीपाशी बसून, बारीक जाळावर मला शिजवली. दिंडं न खाताच मी एस्टी धरली.

सोमवारी दुपारी अनुजा बॅग घेऊन आली. सवयीनं मागच्या दारानं, सरळ चुलीकडं. मी वाट अडवली.

"हिकडनं न्हाय. पुढनं या."

"आत्ती?"

"पुढनं या, म्हणलं."

ती पुढनं आली. तिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. टेबल पुसलं. पाणी ठेवलं. तांबडा-पांढरा रस्सा, नळीचं निवडक मटण, लिंबाची फोड, सगळं निगुतीनं मांडलं. एक थेंब सांडू दिला न्हाय.

ती हुंदका देत म्हणाली, "आत्ती, शिव्या दे. मार मला. पण असं करू नको."

शिवी तर जिभेवर आलीती. आपल्या माणसाला द्यायची असती तशी, चांगली घसघशीत. मी ती गिळली. आणि आवाज मऊ केला, जेवढा मला जमतो तेवढा.

"छे छे. असं कसं," मी म्हणलो. "जेवा निवांत. पावणं, रस्सा वाढू का?"