एव्हारिस्तोची परवानगी

"आला! एव्हारिस्तो आला!"

वरच्या खोलीतून हाक आली आणि जिन्यावर, ओसरीवर, खालच्या कामाच्या खोलीत खेटून उभी असलेली आमची वस्ती गुडघ्यांवर बसली. बायका हुंदके देऊ लागल्या. एव्हारिस्तोला जाऊन दोन आठवडे झाले होते, आणि वरच्या कॉम्प्युटरवर, घरात तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या यादीत, त्याचं नाव उमटलं होतं. मिनिटभरापूर्वी तिथे काही नव्हतं.

खालच्या खोलीत पांढरा झगा घातलेला, आत्मे बोलावणारा हर्मानो, म्हणजे भाऊ, कासियानो काठी टेकून उभा राहिला. "पाहिलंत? मी बोलावतो, तो येतो."

"मग नकाशे द्यायलाही सांगा त्याला," मी म्हणाले.

"सेन्यो," तो गोड हसला. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना सेन्योच म्हणतात. "मेलेल्या माणसाला घाई नसते."

"त्याला नसेल. आम्हाला आहे."

घाई साधीसुधी नव्हती. सरोवराच्या काठावरच्या आमच्या सत्तर घरांवर केळीच्या बागांच्या मालकाने दावा लावला होता. कोण कुठे किती वर्षं राहतो, त्याचे नकाशे आणि जुन्या माणसांच्या साक्षी एव्हारिस्तोने जन्मभर जमवल्या होत्या. तो जमीन मोजणारा माणूस. सगळं खालच्या कॉम्प्युटरवर होतं. छातीत कळ येऊन तो त्याच टेबलावर कोसळला, तेव्हा स्क्रीन खाली पडून फुटला. तरी काळजी नव्हती. त्याची बायको बेत्साबे, जिला मी आदराने निन्या म्हणते, वरच्या कॉम्प्युटरवरून तेच फोल्डर रोज उघडायची. पण त्याच आठवड्यात विजेच्या झटक्याने वरचा कॉम्प्युटर बंद पडला. दुकानातून दुरुस्त होऊन आला, आणि फोल्डर उघडायला गेलं की एकच वाक्य: तुम्हाला परवानगी नाही.

"मलाच नाही म्हणतोय, सेन्यो," बेत्साबे माझा हात धरून रडली. "त्या दिवशी सकाळी मी भांडले होते त्याच्याशी. मासे खारट झाले म्हणाला, तर मी ताटच उचललं. तो राग घेऊन गेला."

ही जखम कासियानोच्या हाती लागली. त्याने निदान केलं: आत्मा रुसलाय. नऊ शुक्रवार प्रार्थना हवी. तोवर खालच्या यंत्राला कोणी बोटही लावायचं नाही, नाहीतर एव्हारिस्तो सगळं पुसून टाकील. राखण करायला स्वतः कासियानो त्या खोलीत राहायला आला. एव्हारिस्तोच्या टांगत्या झोळीत झोपायचा आणि रोज कोंबडीचा रस्सा ओरपायचा. "आत्म्यांशी बोलून जीव फार थकतो हो," म्हणायचा, आणि दुसरी वाटी पुढे करायचा.

तिसऱ्या आठवड्यात तारीख आली. वकील नकाशांशिवाय उभा राहिला. गयावया करून त्याने महिनाभराची मुदत मिळवली, पण पाण्याकाठच्या चार घरांना ती लागू झाली नाही. त्यांच्यापाशी कागदाचा एक कपटाही नव्हता. दोन दिवसांनी घरं पाडायचं यंत्र आलं. त्यातलं एक घर अबुंदियोचं, म्हाताऱ्या मासेमाराचं. त्याने घरातून टीव्ही, जाळी आणि दाराची फळी एवढंच बाहेर काढलं आणि बेत्साबेच्या ओसरीत आणून ठेवलं. भिंत पडली, त्या संध्याकाळी तो कासियानोच्या पायाशी जाऊन बसला.

"हर्मानो, माझी प्रार्थना कमी पडली का?"

"श्रद्धा कमी पडली, बाबा."

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. माझंही घर त्याच सत्तरांत होतं. पुढच्या तारखेला कोणाची भिंत पडणार होती?

त्यानंतर मी वाद घालणं सोडलं आणि नुसती बघत बसले. तीन शुक्रवार बघितलं. कासियानो टेबलावर काठी तीनदा आपटायचा, मग मिनिटभर स्तोत्र म्हणायचा, मग वर नाव दिसायचं. अर्ध्या तासाने नाव जायचं. एका दुपारी कासियानो बाजारात गेला असताना अबुंदियो टेबलाला टेकला. ना काठी, ना स्तोत्र. थोड्या वेळाने वरून बेत्साबे किंचाळली, "आला!"

मी टेबलाकडे पाहिलं. फुटका स्क्रीन, मेणबत्त्या, माउस.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या तासभर आधी गेले आणि कासियानो ओसरीवर रस्सा ओरपत असताना माउस उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवला. गर्दी जमली. कासियानोने काठी आपटली, स्तोत्र म्हटलं.

"वर काय दिसतं?"

"काही नाही, हर्मानो."

त्याने पुन्हा आपटली. जोरात आपटली. मेणबत्ती आडवी झाली. कपाळावर घाम आला. "इथे कोणीतरी पापी आहे! अविश्वासू!"

"आहे ना. मी आहे," मी म्हणाले. फळीवरचा माउस एका बोटाने हलवला आणि थांबले. मिनिट झालं असेल.

"आला," बेत्साबेचा आवाज थरथरत खाली आला. "सेन्यो, आला."

"मेलेला नाही आला, निन्या बेत्साबे. एव्हारिस्तोने स्वतःचं नाव दिलेला कॉम्प्युटर झोपला होता, तो जागा झाला! अर्धा तास कोणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो, आणि यादीतून नाव जातं. टेबल हादरलं की माउस हलतो आणि तो उठतो. वर नाव दिसायला मिनिट लागतं. ह्यांचं स्तोत्र बरोबर तेवढंच आहे."

"यंत्राला हात लावाल तर सगळं पुसलं जाईल!" कासियानो ओरडला. "शाप लागेल!"

अबुंदियो उठला. "माझं घर गेलं. आता शाप कशाला लागणार?" तो ओसरीतून आपला टीव्ही उचलून घेऊन आला. "सेन्यो, हा चालेल का?"

चालला. खालचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, आणि एव्हारिस्तोचे नकाशे त्यावर उजळले, एकही रेघ न पुसता. त्याने वरच्या कॉम्प्युटरसाठी एक वेगळं खातं आणि पासवर्ड ठेवला होता. वरच्या यंत्राला तो पाठ होता, पण दुरुस्तीत त्याची जुनी आठवण पुसली गेली होती. आम्ही नवा पासवर्ड दिला, तोच वर जाऊन टाकला. फोल्डर उघडलं.

बेत्साबे स्क्रीनसमोर बसून राहिली. "म्हणजे तो रागावला नव्हता?"

"पासवर्ड पुसला गेला होता, निन्या. एवढंच."

ती इतकी रडली की आम्ही कोणी तिला थांबवलं नाही. कासियानो त्या गडबडीत मागल्या दाराने निघून गेला. तो पूर्वी बारांकिया शहरात कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होता, हे पुढे कळलं.

दुसऱ्या तारखेला नकाशे मान्य झाले. सहासष्ट घरं उभी आहेत.

त्या दिवशी कचेरीबाहेर अबुंदियोने मला विचारलं, "सेन्यो, टीव्ही तर माझ्या घरात पहिल्यापासून होता. हे पहिल्या आठवड्यात झालं असतं?"

"झालं असतं."

तो मान हलवत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. कासियानो भोंदू आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी टोमणे मारत बसले, माउस उचलून बघितला नाही. नुसता अविश्वास कोणाचं घर वाचवत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते: कोणी म्हणालं, 'इथे हात लावू नका,' तर का, ते विचारा, आणि त्याच दिवशी, तिथेच हात लावून बघा.