धर्माबादचा गाळा

निकालाच्या दिवशी हैदराबादच्या काचीगुड्यातल्या हिम्मतरावांच्या वाईन शॉपमध्ये रेडिओ सकाळपासून चालू होता. एकेक मतदारसंघ जाहीर होत गेला आणि दुपारपर्यंत सरकार गेलं हे स्पष्ट झालं. येणाऱ्या पक्षाने संपूर्ण दारूबंदीचं वचन दिलं होतं. सारा, म्हणजे इकडची गावठी दारू, आधीच बंद झाली होती. आता बाटलीतल्या दारूची पाळी होती. या वचनावर गावोगावच्या बायका रांगा लावून मत देऊन आल्या, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत होती.

"गर्दी देखो सेठ," काउंटरवरचा अप्पाराव म्हणाला. "मय्यत को आए सरीखा आ रैं लोगां."

हिम्मतराव हसले नाहीत. जुन्या पक्षाच्या वॉर्डातल्या कार्यकर्त्याला त्यांनी घरातली तीन मतं सांगून ठेवली होती. मतदानाच्या दिवशी स्वतः ऑटो करून बायकोला आणि मुलाला शाळेतल्या मतदान केंद्रापर्यंत नेलं होतं. कुठे शिक्का मारायचा हे सुशीलाबाईंना वाटेत दोनदा सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

शिक्का त्यांनी दारूबंदीवर मारला.

कारण होता त्यांचा मुलगा युवराज. बी.कॉम. झाल्यावर तो दुकानात बसू लागला आणि वर्षभरात त्याच्या खोलीतल्या कूलरमागे रिकाम्या क्वार्टर सापडायला लागल्या. सुशीलाबाई त्या जुन्या साडीत गुंडाळून भंगारवाल्याकडे टाकत. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. या घरात दारू हा शब्दच उच्चारला जात नसे. तिकडे जायचं ते 'दुकान', आणि सोयरिकीच्या बोलण्यात 'जनरल स्टोअर'. दुकान बंद झालं की मुलगा सुटेल, असा त्यांचा साधा हिशोब होता.

नव्या सरकारचा शपथविधी झाला, बंदी संक्रांतीच्या सुमाराला लागू होणार हे ठरलं, आणि एका सकाळी हिम्मतरावांनी चहाच्या कपाशेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला.

"इथे सही कर," ते म्हणाले. "परवान्याचं एकनाथराव बघतायत. फक्त जागेच्या मालकाची संमती लागते."

एकनाथराव हे सुशीलाबाईंचे धाकटे भाऊ. माहेर धर्माबादचं. काचीगुड्याहून निघालेली मीटरगेज गाडी बासर ओलांडून महाराष्ट्रात शिरते, की धर्माबाद येतं. तिथे स्टेशनसमोरचा एक गाळा वडिलांनी सुशीलाबाईंच्या नावे केला होता. तिथे बंदी नव्हती, आणि आता इकडची सगळी गिऱ्हाइकं तिकडेच वळणार होती.

"तिथे कोण बसणार?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"युवराज. आणखी कोण?"

"एकटा?"

"चोवीस वर्षांचा घोडा झालाय. त्याला काय पाळण्यात घालून पाठवायचंय?"

युवराजलाही त्यांनी आज दुकानात जाण्याआधी थांबवून घेतलं होतं, तो समोरच बसला होता. त्याने चहा अजून उचलला नव्हता. "मामा आहे की तिथे, आई. मी काय हरवणार आहे?"

सुशीलाबाईंनी कागद नवऱ्याकडे सरकवला. "मी नाही करणार सही."

"निवडणूक संपली ना?" हिम्मतराव म्हणाले. "आता तू कुठून उभी राहिलीस?"

"हा पितो."

युवराज भिंतीकडे बघायला लागला. हिम्मतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "दारूच्या दुकानात बसणारा पोरगा काय ताक पिईल? घेतो थोडीबहुत. लग्न झालं की आपोआप सुटेल."

"थोडीबहुत?" सुशीलाबाईंनी पेन उचलून मुलापुढे धरलं. टेबलावरचा आजचा पेपर ओढून जवळ घेतला आणि त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे तुझं नाव लिही."

"काय परेशानी लावलीस आई, सकाळी सकाळी."

"लिही."

त्याने पेन घेतलं. पहिलं अक्षर अर्ध्यावर आलं आणि पेनाचं टोक बाजूला घसरलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा सुरुवात केली. रेघ वेडीवाकडी धावत बातमीवर गेली. टेबल हलायला लागलं आणि न प्यालेल्या चहाचा कप बशीत वाजत राहिला. नाव पुरं झालं नाही. त्याने त्यावर तळहात ठेवला.

हिम्मतराव त्या हाताकडे बघत होते. मुलगा दुकान उघडल्यावर, म्हणजे हात स्थिर झाल्यावरच रोज त्यांच्यासमोर येत असे. सकाळी बापाच्या आधी दुकानात पोचायची त्याची घाई त्यांना आवडायची. अप्पारावाला ते त्याचं उदाहरण द्यायचे.

"कधीपासून?"

युवराजने कागदावरचा तळहात आणखी दाबून धरला.

"मी विचारतोय, कधीपासून?"

"पावसाळ्यापासून," युवराज म्हणाला. "दुपारी ठीक असतो मी. हौ, खरंच. दुपारी लिहायला लावा, बघा."

हिम्मतराव बायकोकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"दुकानात बसायला तुम्हीच पाठवलंत. मी सांगितलं असतं तर दुकान बंद केलं असतं?"

हिम्मतरावांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणून मत दिलं," सुशीलाबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"दुकान बंद करणाऱ्यांना."

"मी वॉर्डातल्या त्या कार्यकर्त्याला घरातली तीन मतं सांगितली होती," हिम्मतराव हळूच म्हणाले. मग, "सरकार बदललं की हा सुटेल, असं वाटलं तुला?"

"वाटलं. धर्माबाद डोक्यात आलं नाही."

फोन वाजला. बाहेरगावचा होता, घंटा लांब होती. सुशीलाबाईंनी उचलला.

"अक्का, झाली का सही?" एकनाथरावांचा आवाज लांबून, घाईचा येत होता. "लवकर पाठव. चार जण मागे लागलेत गाळ्यासाठी. सगळे तुमच्याच हैदराबादचे. भाडं म्हणाल ते द्यायला तयार आहेत."

"कोणालाच देऊ नको. कुलूप राहू दे."

"अगं, मग खाणार काय तुम्ही?"

"ते बघू."

"वेडी झालीस का? भावजींना दे फोन."

हिम्मतरावांनी रिसीव्हर घेतला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. "तिची जागा आहे, एकनाथराव," ते म्हणाले आणि फोन ठेवला. टाइप केलेला कागद तसाच पडला होता. तो त्यांनी उचलला नाही, फाडलाही नाही.

"उठ," ते मुलाला म्हणाले. "कोठीच्या दवाखान्यात जाऊ. डॉक्टरला दाखवू."

युवराज उठला, पण खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्यांकडे गेला. "आधी दुकानात जाऊन येतो, अण्णा. दहा मिनिटं फक्त. मग म्हणाल तिथे येतो."

ती दहा मिनिटं कशासाठी हवीत, हे आता तिघांनाही माहीत होतं.

हिम्मतरावांनी किल्ल्या त्याच्या आधी काढून घेतल्या. चपला घातल्या आणि दार अडवून उंबऱ्यात उभे राहिले. युवराजच्या कपाळावर घाम आला होता. सुशीलाबाईंनी त्याचा धुतलेला सदरा आणून हातात दिला. त्याला बटणं लावता येत नव्हती, त्या लावू लागल्या.

दुकान उघडायची वेळ कधीच टळून गेली होती.