गाठ निघाली, एवढंच

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी बाई दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारते, "आता कसं दिसतंय?" लोक खुशीत उत्तर देतात आणि निघून जातात. ही बाई पंचेचाळिशीला टेकली तरी घरच्यांसाठी धाकटीच होती, आणि घरचे म्हणजे आता एक ताई उरली होती. ताई बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, नवरा, सासू आणि भरल्या घराच्या रगाड्यात. तिचा फोन यायचा तोही घाईत. "बरी आहेस ना? मग ठेवते." बरी असणं हा धाकटीला महागात पडणारा गुण होता.

मालकाने दुकानातल्या सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या. त्यात सोनोग्राफी झाली आणि धाकटीच्या गर्भाशयात गाठी निघाल्या.

"ऐकूनच पोटात गोळा आला माझ्या," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"तो आधीपासूनच आहे हो," बाई हसल्या. "फायब्रॉइड म्हणतात. दोन आहेत, एक वाटाण्याएवढी, एक द्राक्षाएवढी. कॅन्सर नाही. कित्येक बायकांना असतात, निम्म्या जणींना पत्ताही नसतो. पाळीत जास्त जातं? दुखतं? लघवीला सारखं जावं लागतं?"

"नाही."

"मग ना गोळी, ना ऑपरेशन. वर्षाने पुन्हा बघू, वाढतायत का ते. मधे रक्तस्राव वाढला किंवा दुखायला लागलं तर मात्र थांबू नका. पाळी गेली की बहुधा आपोआप आक्रसतात."

जीव भांड्यात पडला. पण जीव भांड्यात पडल्याचं सांगायलाही कोणीतरी लागतं. घरी येऊन तिने ताईला फोन लावला.

"ताई, सोनोग्राफीत गाठ निघाली."

पुढचं वाक्य ओठांवरच होतं. पण त्याआधीच पलीकडून ताई म्हणाली, "मी उद्याच येते." धर्मराजाने निदान 'कुंजरो वा' पुटपुटलं तरी होतं. धाकटीने तेही गिळून टाकलं.

ताई आली. आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर आत्ताच. आल्या आल्या तिने डबे घासले, पडदे उतरवले, "इतकी वाळलीस कशी!" म्हणून रागावली. धाकटीला कशाला हातही लावू देईना. संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन मागे बसली आणि डोकं चोळून दिलं. एकाच पलंगावर दोघी झोपल्या. शेजारी कोणीतरी घोरतंय याचं इतकं सुख असतं हे धाकटी विसरूनच गेली होती.

सकाळी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडलेला होता आणि भांडं एकही नव्हतं. ताई ओट्याला धरून रडत होती. धाकटी दाराशीच थिजली. तिला स्वतःची शरम वाटली. सांगितलं तर ताई दुपारच्या बसने जाणार, नाही सांगितलं तर अशीच नळाआड रडणार. तिने तोंड उघडलं.

"ताई, ऐक ना..."

"काही ऐकायचं नाही. मला तुझ्या डॉक्टरकडे ने." ताईने पदराने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि जिना उतरायलाही लागली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला सगळं पुन्हा नीट समजावलं, आणि शेवटी सहज म्हणाल्या, "यांना मी त्याच दिवशी सांगितलंय, काळजीचं काही नाही म्हणून."

ताईने धाकटीकडे पाहिलं. बाहेर येऊन दोघी बाकावर बसल्या.

"मला तू यायला हवी होतीस," धाकटी म्हणाली. "काही नाही म्हटलं असतं तर आली असतीस?"

उत्तर यायच्या आत ताईचा फोन वाजला. भावजींचा होता. आता ती कितीची बस सांगते, याकडे धाकटीचे कान लागले.

"हो, आत्ताच दाखवलं," ताई म्हणाली. "गाठीच आहेत हो. दोन... नाही, ऑपरेशनचं आत्ताच नाही म्हणाल्या. पण लक्ष ठेवावं लागेल... एकटीच आहे ना बिचारी. मी रविवारपर्यंत थांबते. सासूबाईंना सांगा. आणि दर वर्षी तपासणी आहे, तेव्हाही यावं लागेल मला."

तिने फोन पर्समध्ये टाकला. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? खोटं काय बोलले त्यात?" ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बसला. "काही नसताना मला तरी कोण सोडतंय गं घरातून?"